कामाची मुदत आणि कामगाराचा जीव: गडचिरोलीच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, तथा पालकमंत्री, गडचिरोली जिल्हा

विषय: जिल्ह्यातील रस्ते, पूल व इमारतींच्या निविदांमध्ये कामगारांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र वेळ आणि स्वतंत्र रक्कम राखून ठेवण्याबाबत.

महोदय,

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. तेव्हापासून या जिल्ह्याने ज्या रस्त्यांची, पुलांची आणि रुळांची वाट पाहिली, त्यांपैकी अनेक कामे आता एकाच वेळी जमिनीवर दिसू लागली आहेत. चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे पोलाद प्रकल्प उभा राहत आहे, वडसा–गडचिरोली लोहमार्गाचे काम हाती घेतलेले आहे, आलापल्लीहून सिरोंचाकडे आणि भामरागडकडे जाणारे महामार्ग नव्याने बांधले जात आहेत, आणि १ जानेवारी २०२५ रोजी आपल्या हस्ते गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी रस्त्याचे लोकार्पण होऊन अहेरी–गर्देवाडा एसटी बस त्या भागात पहिल्यांदाच धावली. या कामांना वेग हवा, याबद्दल जिल्ह्यात दुमत नाही. तो वेग कोणाच्या जिवावर साधला जातो, आणि तो दुसऱ्या मार्गाने साधता येईल का, एवढाच या पत्राचा विषय आहे.

प्रत्येक शासकीय कामाच्या कार्यारंभ आदेशात, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करण्याची परवानगी देणाऱ्या लेखी आदेशात, काम पूर्ण करण्याची मुदत दिलेली असते. ही मुदत ठरवते शासन, तिचा हिशेब ठेवते शासन, आणि ती चुकल्यास दंड आकारते तेही शासनच. कामगाराच्या सुरक्षेचे नियमही शासनाचेच असतात. मात्र मुदत करारात दिवसांच्या आकड्यात लिहिलेली असते, तर सुरक्षा बहुधा ‘कंत्राटदाराने सर्व प्रचलित कायद्यांचे पालन करावे’ अशा एका ओळीत उरकलेली असते. एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला सदिच्छा असेल, तर कामाच्या जागी आकडाच जिंकतो, हे समजण्यासाठी कोणाच्या हेतूवर शंका घेण्याची गरज नाही.

गडचिरोलीत हा प्रश्न इतर जिल्ह्यांपेक्षा तीव्र होतो, कारण येथे कामाचे दिवस मुळातच कमी आहेत. जूनच्या मध्यापासून नदी-नाले भरू लागले की भामरागडसारख्या तालुक्याचा संपर्क वारंवार तुटतो, काम चालू असलेल्या नाल्यांवरचे वळणरस्ते, म्हणजे पूल होईपर्यंत वाहतुकीसाठी मुरूम आणि नळकांडी टाकून केलेले तात्पुरते मार्ग, वाहून जातात, आणि पाणी ओसरून जमीन यंत्रांचे वजन पेलू लागेपर्यंत ऑक्टोबर उलटतो. जिल्ह्याचा बहुतांश भूभाग जंगलाचा असल्याने रस्ता रुंद करण्यासाठी १९८० च्या वन संरक्षण अधिनियमाखाली परवानगी घ्यावी लागते आणि तिचा प्रस्ताव एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत असताना कोरडा हंगाम निघून जातो. मे महिन्यात गावातील स्थानिक मजूर तेंदूपत्ता तोडायला जातात, कारण वर्षभरातील रोख मिळकतीचा मोठा भाग त्यातूनच येतो. त्यानंतर धानाच्या रोवणीचे दिवस लागतात. शिवाय आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने निधी परत जाऊ नये म्हणून बिले काढण्याची जी घाई असते, जिला कार्यालयांत ‘मार्च एंड’ म्हणतात, ती या आखूड हंगामाच्या ऐन मध्यावर येते.

असा वाया गेलेला वेळ कोठेतरी भरून काढावा लागतो. वन विभागाकडे अडकलेले चार महिने वन विभाग परत करत नाही, भूसंपादनात गेलेले सहा महिने महसूल विभाग परत करत नाही, आणि पावसाने घेतलेले दिवस तर कोणीच परत करू शकत नाही. नियमाप्रमाणे मुदतवाढ मागता येते. परंतु ती मिळेपर्यंत विलंब दंडाची टांगती तलवार राहते, म्हणून कंत्राटदार काम पेटी कंत्राटदाराला, म्हणजे कामाचा एखादा तुकडा कमी दराने घेणाऱ्या दुय्यम कंत्राटदाराला, देतो आणि तो मुकादमामार्फत उक्ते काम लावतो. उक्त्या कामात मजुरी दिवसावर नसते, ती कामाच्या मापावर ठरलेली असते, म्हणून थांबलेल्या प्रत्येक तासाचा तोटा थेट मजुराच्या खिशाला बसतो. कार्यालयात सुरू झालेला विलंब अशा रीतीने पायरीपायरीने खाली उतरतो आणि ज्याचा त्या विलंबाशी काहीही संबंध नव्हता, अशा माणसाच्या शरीरातून वसूल केला जातो.

ही वसुली नेमकी कोठे होते, ते तीन उदाहरणांनी स्पष्ट होईल. पहिले उदाहरण सेंट्रिंगचे, म्हणजे ओले काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला खालून आधार देणाऱ्या फळ्या आणि टेकूंचे. काँक्रीटची ताकद साधारणपणे २८ दिवसांनंतरच्या चाचणीवर मोजतात आणि इमारतींसाठी लागू असलेल्या भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या कामात स्लॅबखालचे टेकू गाळा, म्हणजे दोन आधारांमधील अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस आणि त्याहून मोठा असेल तर १४ दिवस काढू नयेत. तुळईखालचे टेकू गाळा ६ मीटरपर्यंत असल्यास १४ दिवस आणि त्याहून मोठा असल्यास २१ दिवस ठेवावेत. पुढच्या गाळ्यासाठी तेच साहित्य लवकर हवे म्हणून हे दिवस कमी केले जातात, तेव्हा वाचलेला वेळ हा कच्च्या स्लॅबखाली उभ्या असलेल्या मजुराने अंगावर घेतलेला धोका असतो. दुसरे उदाहरण खंदकाचे. पायासाठी किंवा मोरीसाठी खणलेला दीड मीटरपेक्षा खोल खड्डा उतार देऊन किंवा बाजूंना फळ्यांचा आधार देऊन सुरक्षित करावा, असे उत्खननाचे मानक सांगते, कारण ढासळलेल्या मातीखाली छातीपर्यंत दबलेला माणूसही श्वास घेऊ शकत नाही. आधार लावण्यात अर्धा दिवस जातो आणि तोच अर्धा दिवस सर्वप्रथम वाचवला जातो. तिसरे उदाहरण उन्हाचे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी येथे उन्हाळ्यात पारा ४७ अंशांच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. अशा दिवसांत दुपारी डांबर आणि काँक्रीट टाकण्याचे काम करणाऱ्याला उष्माघात होणे हा अपघात नसून आधीच दिसणारा परिणाम असतो. तरीही पावसाळा तोंडावर आल्यामुळे मे महिना हाच कामाच्या सर्वाधिक घाईचा महिना ठरतो.

मोठ्या दुर्घटनांनी हे चित्र देशासमोर आणले आहे. ३१ जुलै २०२३ ची रात्र संपून १ ऑगस्ट उजाडत असताना ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जणांचा मृत्यू झाला. तो महामार्ग पुढे ५ जून २०२५ रोजी पूर्णत्वास गेला. सातशे एक किलोमीटरच्या आणि अनेक वर्षे चाललेल्या त्या प्रकल्पाच्या कालपटावर एखादे यंत्र दिवसाउजेडी पुन्हा तपासण्यासाठी लागणारे दिवस दिसलेही नसते. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तराखंडमधील सिलक्यारा बोगदा खचून ४१ मजूर आत अडकले आणि २८ नोव्हेंबरला त्यांची सुटका झाली. त्या बोगद्याला २०१८ मध्ये मंजुरी देताना आपत्कालीन सुटकेच्या मार्गाचा उल्लेख होता, परंतु प्रत्यक्ष गरज पडली तेव्हा तो मार्ग तयार नव्हता. हातांनी माती उकरणाऱ्या मजुरांच्या कौशल्याने ते ४१ जीव वाचले, नियोजनाने नव्हे. समृद्धीचा विस्तार आता भंडारा–गडचिरोली द्रुतगती मार्गाच्या रूपाने याच जिल्ह्याकडे येऊ घातला आहे, म्हणून सरलांबे येथील धडा येथे आधीच पोहोचायला हवा.

कायदा अस्तित्वात नाही, असे म्हणता येणार नाही. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियमाने आणि त्याच वर्षीच्या उपकर अधिनियमाने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा करण्याची व्यवस्था केली आणि त्या पैशातून महाराष्ट्रात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ चालते. कामावर असताना नोंदणीकृत कामगाराचा मृत्यू झाल्यास त्याच्या वारसाला मंडळाकडून पाच लाख रुपये मिळतात. ही मदत मोलाची आहे, परंतु ती मृत्यूनंतर मिळते, आणि त्यासाठी आवश्यक असलेली नोंदणी मागील वर्षातील ९० दिवसांच्या कामाच्या दाखल्यावर अवलंबून असल्याने परप्रांतातून आलेला किंवा हंगामापुरता कामाला लागलेला मजूर बहुधा तिच्याबाहेर राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली असून तिने इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियमाची जागा घेतली आहे. संहितेनुसार बांधकामावर २५० किंवा अधिक कामगार असतील तर सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. कोनसरीसारख्या मोठ्या प्रकल्पाला ही तरतूद लागू पडेल. मात्र एटापल्ली किंवा कोरची तालुक्यातील नाल्यावर पंधरा-वीस मजूर पूल बांधत असतील, तर त्यांच्यासाठी सुरक्षा अधिकारी कधीच नेमला जाणार नाही. गडचिरोलीतील बांधकामाचे स्वरूपच असे विखुरलेले आहे, आणि कायद्यातील मोठी फट नेमकी येथे पडते.

दुसरी फट काम थांबवण्याच्या अधिकाराची आहे. जिवाला तातडीचा धोका आहे असे वाटल्यास कामगाराने ते मालकाच्या आणि निरीक्षकाच्या निदर्शनास आणावे, एवढा अधिकार नवी संहिता देते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा बांधकामातील सुरक्षेविषयीचा १९८८ चा १६७ वा करार यापुढे जातो आणि असा धोका दिसल्यास त्या जागेपासून दूर होण्याचा हक्क कामगाराला असला पाहिजे, असे सांगतो. भामरागडच्या पलीकडे जेथे निरीक्षक पोहोचायलाच दिवस लागतो, तेथे निदर्शनास आणणे आणि दूर होणे यांतील अंतर जीव आणि मृत्यू यांच्यातील अंतर ठरू शकते.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रखडलेल्या रस्त्याची किंमतही माणसेच मोजतात. पूल नाही म्हणून गर्भवतीला खाटेची कावड करून नाला ओलांडावा लागतो, सर्पदंश झालेला रुग्ण पुरामुळे अलीकडच्या काठावर अडकतो, आणि नक्षलग्रस्त भागात एखादे काम जितके लांबते तितके दिवस यंत्रे आणि माणसे धोक्यात राहतात. १ मे २०१९ च्या पहाटे कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे रस्त्याच्या कामावरची वाहने नक्षलवाद्यांनी जाळली, हे जिल्हा विसरलेला नाही. म्हणून कामे सावकाश करावीत, अशी मागणी हे पत्र करत नाही. वेग आणि सुरक्षा या एकमेकींच्या विरोधी बाबी मानण्याची गरज नाही, आणि याचा पुरावा बाहेरून आणण्याआधी तो खुद्द गडचिरोलीतच सापडतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये छत्तीसगडच्या सीमेजवळ वांगेतुरी येथे आणि जानेवारी २०२४ मध्ये गर्देवाडा येथे गडचिरोली पोलीस दलाने अवघ्या एका दिवसात पोलीस मदत केंद्र उभारले. हजारावर मनुष्यबळ, जेसीबी, पोकलेन, ट्रेलर आणि तयार खोल्या आधी जमवून, प्रत्येकाचे काम ठरवून देऊन हा वेग साधला गेला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या भागात कोणताही ताफा मार्ग तपासल्याशिवाय पुढे न्यायचा नाही, हा पोलिसांच्या कामाचा पहिला नियम आहे, आणि घाई कितीही असली तरी तपासणीचा वेळ वेळापत्रकात आधीच धरलेला असतो. हा नियम किती मोठी किंमत देऊन शिकावा लागतो, हे दादापूरच्या जाळपोळीनंतर त्याच दिवशी जांभुळखेडा येथे खासगी वाहनातून घटनास्थळाकडे निघालेल्या शीघ्र कृती पथकाचे १५ जवान आणि वाहनचालक भूसुरुंगाच्या स्फोटात गमावल्यावर सर्वांना कळले. पेरलेला सुरुंग आणि आधार नसलेली खंदकाची भिंत यांत हेतूचा फरक आहे. त्यांच्यामुळे होणाऱ्या मृत्यूत फरक नाही. पोलिसांच्या ताफ्यासाठी जो नियम शासनाला मान्य आहे, तोच रस्ता बांधणाऱ्या मजुरासाठी मान्य करण्यात तत्त्वाची कोणतीही अडचण नाही.

जगातील अनुभवही हेच सांगतो. सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पुलाच्या बांधकामात पुलाखाली सुरक्षा जाळे बांधण्याचा खर्च करण्यात आला आणि त्या जाळ्याने १९ कामगारांचे प्राण वाचवले. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी, काम संपत आले असताना, सेंट्रिंग काढणाऱ्यांचे मचाण कोसळून ते जाळेही फाटले आणि दहा जण दगावले. धोका कामाच्या शेवटच्या टप्प्यातही तेवढाच असतो, हे यातून दिसते. लंडनच्या २०१२ च्या ऑलिम्पिकची तारीख तर एका दिवसानेही पुढे ढकलता येणार नव्हती, तरीही ऑलिम्पिक पार्क वेळेत उभे राहिले आणि त्याच्या उभारणीत एकाही बांधकाम कामगाराचा मृत्यू झाला नाही, कारण काम देणाऱ्या सरकारी संस्थेने सुरक्षेची अट पहिल्या निविदेपासून करारात घातली होती. मुदत अटळ असेल तर सुरक्षेला सुरुवातीपासूनच वेळ द्यावा लागतो, असा त्याचा अर्थ आहे.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असते, आणि राज्याचे प्रमुख या नात्याने सार्वजनिक बांधकाम, कामगार, वन व महसूल या सर्व विभागांना एका निर्णयाने बांधणेही आपल्याला शक्य आहे. म्हणून पुढील गोष्टी आपल्यासमोर ठेवल्या आहेत.

पहिली मागणी अशी की, प्रत्येक शासकीय कामाच्या अंदाजपत्रकात सुरक्षेच्या साधनांची आणि व्यवस्थेची स्वतंत्र बाब असावी आणि तिची रक्कम स्पर्धेबाहेर ठेवावी, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराची निविदा भरणाऱ्याला हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, खंदकाचा आधार आणि पिण्याचे पाणी यांत काटकसर करता येणार नाही.

दुसरी मागणी मुदतीविषयी आहे. वन विभागाची परवानगी आणि जमिनीचा ताबा मिळाल्यानंतरच मुदतीचे दिवस मोजायला सुरुवात व्हावी, आणि पूर, तीव्र उन्हाळ्यातील दुपार, टेकू ठेवण्याचे दिवस व सुरक्षा तपासणी यांत गेलेला वेळ अर्जाशिवाय आपोआप मुदतीतून वगळला जावा, जेणेकरून त्या वेळेसाठी विलंब दंड लागू होणार नाही.

तिसरी मागणी अशी की, धोका दिसल्यास काम थांबवण्याचा अधिकार कनिष्ठ अभियंत्याला आणि खुद्द कामगारालाही करारातच द्यावा आणि थांबलेल्या वेळेची मजुरी बुडणार नाही, अशी अट घालावी. मजुरी बुडणार असेल तर हा हक्क केवळ कागदावर राहतो.

चौथी मागणी विखुरलेल्या कामांची आहे. एका कामावर २५० कामगार नसले तरी एका तालुक्यातील सर्व शासकीय कामे मिळून कामगारांची संख्या मोठी होते, म्हणून प्रत्येक तालुक्यासाठी एक सुरक्षा अधिकारी नेमून त्याच्या भेटीशिवाय खोदकाम, गर्डर बसवणे आणि सेंट्रिंग काढणे यांना परवानगी देऊ नये. सुरक्षेच्या सूचना मराठी आणि हिंदीबरोबर माडिया, गोंडी, तेलुगू, बंगाली आणि छत्तीसगढी या जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या भाषांतही तोंडी समजावून द्याव्यात, कारण फलकावरची न समजणारी सूचना कोणालाही वाचवत नाही.

पाचवी मागणी उपचाराची आहे. भामरागड ते गडचिरोली हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि गंभीर जखमीसाठी पहिल्या तासातील उपचार निर्णायक असतात. म्हणून दुर्गम भागातील प्रत्येक कामाच्या आराखड्यात सर्वांत जवळचे रुग्णालय, तेथे पोहोचण्याचा पावसाळ्यातील मार्ग आणि कामाच्या ठिकाणी उभे असलेले वाहन, या तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात.

सहावी आणि शेवटची मागणी हिशेबाची आहे. जिल्ह्यातील शासकीय कामांवर झालेला प्रत्येक मृत्यू आणि प्रत्येक गंभीर दुखापत कामाच्या नावासह जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत मांडली जावी. खर्ची पडलेल्या निधीचा आणि पूर्ण झालेल्या किलोमीटरचा अहवाल ज्या सभेत वाचला जातो, त्याच सभेत हा अहवालही वाचला गेला, तर मुदत आणि सुरक्षा प्रथमच एका पातळीवर येतील.

या मागण्यांनी प्रत्येक कामाचा खर्च थोडा वाढेल आणि काही कामांची लोकार्पणाची तारीख पुढे जाईल. हा खर्च आज होतच नाही, असे मात्र समजू नये; तो आज झारखंड, बिहार, छत्तीसगड आणि तेलंगणातील गावांत आणि याच जिल्ह्यातील वाड्या-टोल्यांवर, कर्ता माणूस गमावलेल्या घरांकडून वसूल होतो आणि कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. गर्देवाड्याला पोहोचलेली एसटी ज्या रस्त्यावरून धावते, तो रस्ता बांधणाऱ्यांना सुरक्षितपणे घरी परतता आले पाहिजे, ही अपेक्षा विकासाच्या आड येणारी नाही. विकास कोणासाठी आहे, हे ती सांगते.

जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय आपण विषयपत्रिकेवर घ्यावा आणि येत्या पावसाळ्यानंतर निघणाऱ्या पहिल्या निविदेपासून या अटी लागू कराव्यात. मुदतवाढ देण्याचा अधिकार शासनाकडे आजही आहे. कामगाराचा जीव वाचवण्यासाठी तो वापरला जाईल, असा लेखी आदेश आपल्या सहीने निघावा, ही विनंती.